महालाचा उतार

दीना रणनवरे नगरजवळचा चांदबीबी महालाचा डोंगर सायकलवर बसून चढायची आणि उतरताना मात्र सायकल हातात धरून पायी यायची. जगाची रीत याच्या नेमकी उलटी. चढ आला की माणसं खाली उतरून सायकल ढकलतात आणि उताराला सुसाट सुटतात. पण गेले काही रविवार दीनाचं असंच चाललं होतं, आणि कोणी पाहू नये म्हणून ती उजाडायच्या आतच घराबाहेर पडायची.

त्या रविवारी एकाने पाहिलं.

तो खालून पळत येत होता. उंच, काटक, डोक्याला रुमाल बांधलेला. तिच्याजवळ आल्यावर त्याने पाय आखडते घेतले.

"पंक्चर?"

"नाही."

"चेन पडली का?"

"नाही."

"मग?"

"पाय मोकळे करतेय," दीना म्हणाली.

त्याने सायकलच्या बारीक टायरांकडे पाहिलं, समोरच्या गुळगुळीत उताराकडे पाहिलं, "बरं" म्हणाला आणि वर निघून गेला. सुटले एकदाची, असं दीनाला वाटलं. पण ती जेमतेम दोन वळणं खाली येते न येते तोच मागून पावलांचा तोच आवाज आला. महालाला वळसा घालून तो परतही फिरला होता.

"झाले नाहीत अजून मोकळे?" त्याने जाता जाता विचारलं.

तो वळणाआड गेल्यावर तिला हसू आलं, आणि आपण हसलो याचा रागही आला.

दोन वर्षांपूर्वी हीच दीना या उतारावरून वाऱ्यासारखी यायची. सावेडीतल्या एका शाळेत ती विज्ञान शिकवायची आणि उरलेल्या वेळात ट्रायथलॉनची तयारी करायची. ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहायचं, मग ओल्या अंगाने सायकलवर बसायचं, आणि सायकलवरून उतरलं की त्याच पायांनी पळायचं. चार स्पर्धा झाल्या होत्या तिच्या. कोल्हापूरला तर बायकांमध्ये तिसरी आली होती. मग एका सकाळी याच डोंगरावर, शेवटून दुसऱ्या वळणाला रस्त्यावर खडी सांडलेली होती आणि ती दिसायला दीनाला उशीर झाला. डाव्या मांडीचं हाड मोडलं, गुडघ्यातला एक अस्थिबंध तुटला. मांडीत सळई बसवली. मग कुबड्या, मग काठी, मग नुसतंच लंगडणं. तिची सायकल गॅलरीत उभी राहिली आणि आई, एस्तेरबाई, तिच्या दांडीवर ओले टॉवेल वाळत घालायला लागल्या.

हाड जुळलं, गुडघाही दुरुस्त झाला. डॉक्टर म्हणाले, पोहा, सायकल चालवा, पळायचं मात्र अजून नाव काढू नका. दीनाने दांडीवरचे टॉवेल काढून आईच्या हातात दिले. आई म्हणाली, "परत पडलीस तर मी येणार नाही उचलायला." पण दर रविवारी पहाटे तिच्या आधी उठून चहा तीच ठेवायची. "नऊच्या उपासनेला चर्चमध्ये दिसली पाहिजेस" एवढी एकच अट होती.

पाय बरा झाला होता. बिघाड दुसरीकडेच होता. वर पोचून सायकल वळवली, पुढे रस्ता खाली जाताना दिसला, की दीनाचे दोन्ही हात ब्रेकवर गच्च आवळले जायचे आणि काही केल्या सुटायचे नाहीत. मुलांना ती घर्षण शिकवायची. ब्रेक कसा लागतो, का लागतो, सगळं तिला पाठ होतं. हातांना ते कोणी सांगायचं?

पुढच्या रविवारी तो आधीच वर येऊन बसलेला होता. महालाच्या दगडी पायरीवर, बुटाची नाडी सोडून.

"मी कल्याण घोडके," तो म्हणाला. "चिचोंडीला जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर आहे. मूळचा जामखेडचा."

"मी दीना. शिक्षिका आहे."

"पडला होतात का इथं?"

दीनाने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. तुम्ही त्या खालच्या वळणाला रस्त्याच्या पार पलीकडून चालता. गेल्या वेळी पायथ्यावरून बघितलं मी." जरा थांबून तो म्हणाला, "राग मानू नका, पण तुमच्या जागी म्हैस असती तर मी आत्तापर्यंत खाली उतरवली असती."

"काय?"

"टेम्पोत चढवलेली म्हैस फळीवरून खाली यायला बघत नाही. पुढून ओढली तर मागं सरते. मागून ढकलली तर बसकण मारते. मग आम्ही काय करतो, तिच्या अंगाला अंग लावून बाजूला उभं राहतो आणि मालकाशी भलत्याच गप्पा मारतो. पिकाच्या, पावसाच्या. बोलता बोलता आपण चालायला लागायचं. तीही येते."

"मला तुम्ही म्हैस म्हणताय."

"म्हैस हुशार असते हो," कल्याण शांतपणे म्हणाला. "घाबरावं कुठं हे तिला बरोबर कळतं."

तिला उलट काहीतरी खरमरीत बोलायचं होतं. त्याऐवजी ती सायकलवर बसली, दोन्ही ब्रेक आवळून, आणि तो तिच्या डाव्या बाजूला आला, इतका जवळ की त्याच्या श्वासाचा आवाज ऐकू यावा. मग त्याने विचारलं, "तुमच्या शाळेत डबा खायला सुट्टी किती वेळ असते?"

"पंचवीस मिनिटं. का?"

"पोरं काय आणतात डब्यात?"

ती सांगायला लागली. एक मुलगी रोज शेंगुळे आणते, एकाच्या डब्यात नुसताच फरसाण असतो, आणि त्या फरसाणापायी वर्गात कशी भांडणं होतात... सायकल हळूहळू सरकत होती, शेजारी तो पळत होता. खडीचं ते वळण कधी आलं आणि कधी गेलं, तिला कळलं नाही. म्हणजे कळलं, पण नंतर. पायथ्याला पाय टेकल्यावर तिने मागे वळून पाहिलं, आणि मग कल्याणकडे. तो नुसता रुमालाने मान पुसत होता.

"पुढच्या रविवारी पिकाबद्दल बोलू," तो म्हणाला.

असे बरेच रविवार गेले. दीनाच्या हातांची पकड सैल होत गेली आणि सायकलचा वेग वाढत गेला. कल्याणला शेजारी पळताना आता धाप लागायची, बोलणं तुटायचं. बोलण्यात मात्र कमी नव्हती. त्याच्या दोन बहिणींची लग्नं झालेली होती, वडील नव्हते, आई जामखेडला शेत बघत होती. त्याला वांग्याचं भरीत आवडायचं आणि पाण्याची भीती वाटायची. हे दुसरं त्याने फार उशिरा सांगितलं.

"विहिरीवर वाढलेला माणूस आणि पोहता येत नाही?"

"आमच्या विहिरीला पाणीच नसायचं हो," तो म्हणाला. "जामखेडची विहीर. उडी मारली असती तर तुमच्यासारखी सळई बसली असती."

ऑक्टोबरात एकदा परतीच्या पावसाची सर आली तेव्हा दोघं महालाच्या कमानीत उभे होते. खाली सगळं शहर धुरकट झालं होतं, दगडांना ओला वास सुटला होता. दीनाच्या केसांतून पाणी गळत होतं. कल्याणने डोक्याचा रुमाल सोडला, तिच्यापुढे धरला, मग त्याकडे नीट पाहून परत मागे घेतला.

"घामाचा आहे," तो म्हणाला.

"द्या."

तिने केस पुसले. तो पावसाकडे बघत राहिला, फारच लक्ष देऊन.

"जानेवारीत भंडारदऱ्याला ट्रायथलॉन आहे," तो म्हणाला. "त्यात जोडीने पण भाग घेता येतो म्हणे. एकाने पोहायचं, सायकल चालवायची. दुसऱ्याने पळायचं. तुम्हाला पळता येत नाही, मला पोहता येत नाही. मी म्हटलं, आपलं... दोघांचं मिळून एक माणूस होतं."

दीना पूर्वी अशा जोड्यांना हसायची. अर्धी स्पर्धा ती काय स्पर्धा, असं म्हणायची. तिने रुमाल पिळला, घडी घातली, त्याच्या हातात दिला.

"नाव घाला," ती म्हणाली.

आणि मग डिसेंबरात डॉक्टरांनी गुडघा वाकवून, दाबून, पुन्हा वाकवून पाहिला आणि म्हणाले, "पळा आता. हळू पळा, पण पळा."

दवाखान्यातून बाहेर पडल्यावर दीना रस्त्याच्या कडेला तशीच उभी राहिली. या एका वाक्याची ती दोन वर्षं वाट बघत होती. आणि आता पहिली आठवण झाली ती कल्याणची. एकटीने पूर्ण स्पर्धा करायची तर अजून नाव बदलून मिळत होतं. पण मग कल्याणचं काय? त्याने थंडीत, पहाटे, चिचोंडीहून येऊन केलेल्या तयारीचं काय?

पुढच्या रविवारी ती त्याला काही बोलली नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. ती आठवड्यात गुपचूप संध्याकाळी शाळेच्या मैदानात पळत होती, चार पावलं पळायची, चार चालायची. तिसऱ्या रविवारी पायथ्याशी चहाच्या टपरीवर तिने एकदाचं सांगून टाकलं, डॉक्टरांची परवानगी आणि एकटीने स्पर्धा करायचा विचार, दोन्ही. कल्याणने ग्लास खाली ठेवला.

"डॉक्टरांनी कधी सांगितलं?"

"झाले दोन आठवडे."

"दोन आठवडे." तो म्हणाला, "मी नको म्हणालो असतो असं वाटलं का तुम्हाला?"

"नाही. तुम्ही लगेच हो म्हणाला असतात. म्हणूनच."

"म्हणजे?"

"म्हणजे... तुम्ही भांडला असतात तर मला सोपं गेलं असतं."

कल्याणने चहा संपवला. "मला भांडता येत नाही," तो म्हणाला. "तुमची स्पर्धा आहे. तुम्ही पूर्ण करा. खरंच सांगतो." आवाज सरळ होता. पण निघताना तो नेहमीसारखा पुढच्या रविवारचं काही बोलला नाही.

पुढच्या रविवारी तो आला नाही. जनावरांना लाळ्या-खुरकुताची लस टोचायची मोहीम आहे, असा मेसेज होता. त्याच्या पुढच्या रविवारी मेसेजही नव्हता. दीना वर पोचली, सायकल वळवली. रस्ता नेहमीसारखा खाली गेला होता. तिने हात ब्रेकवर ठेवले, आणि एकटीच निघाली. वारा कानात भरला. वळण आलं, गेलं. पायथ्याला ती थांबली तेव्हा तिला वाटलं होतं तसा आनंद झाला नाही. आपल्याला उतरता आलं हे सांगायला शेजारी कोणी नव्हतं, आणि ज्याला सांगायचं तो एकच माणूस होता. कोणी कुलूप उघडून द्यावं आणि आत घर रिकामं असावं, तसं झालं.

त्या रात्री तिने आईला विचारलं, "माणूस रागावलाय की नाही हे कसं ओळखायचं?"

एस्तेरबाई पोळीचं पीठ मळत होत्या. "कोणता माणूस?" त्यांनी विचारलं. दीना ओटा पुसायला लागली तेव्हा त्यांनी पिठावर जरा जास्तच जोर दिला. "फोन लावून ओळखायचं," त्या म्हणाल्या.

पण फोन त्याचाच आला. "काकासाहेब म्हणून आहेत," कल्याण म्हणाला, जणू मध्ये काही झालंच नव्हतं. "डेअरीत नोकरीला. पोहायला पट्टीचे. सायकल मात्र दूधवाल्यासारखी चालवतात. मी त्यांच्याबरोबर नाव घातलंय. तुमच्याच स्पर्धेत."

"म्हणजे तुम्ही माझ्या विरुद्ध आहात."

"विरुद्ध कसला. काकासाहेब सायकलवरून येईपर्यंत तुम्ही पळत सुटलेल्या असाल."

स्पर्धेच्या आदल्या दिवशी वडिलांनी गाडी काढली, आई डबा घेऊन मागे बसली. रविवारची उपासना बुडणार म्हणून ती राजूरपर्यंत गप्प होती. राजूरच्या पुढे, डोंगर जवळ आले तेव्हा तिने एकदाच विचारलं, "तो जनावरांचा डॉक्टर पण येतोय ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"आमच्या वेळी पण माणसं रागवायची," आई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

सकाळी जलाशयाच्या पाण्यावर धुकं होतं आणि पाणी हाडात शिरेल इतकं गार. शिट्टी झाली. शंभरेक माणसं एकदमच पाण्यात पडली, कोणाची लाथ कोणाला, कोणाचा कोपर कोणाला. दीनाचा श्वास चुकला. ती क्षणभर पाठीवर पडून आभाळाकडे बघत राहिली, मग वळली आणि मोजून हात मारायला लागली. बाहेर आली तेव्हा ओठ निळे पडले होते, पण पायाखाली जमीन होती. तिने हेल्मेट बांधलं आणि सायकल घेतली.

जलाशयाभोवतीचा रस्ता सारखा चढतो आणि उतरतो. पहिल्या मोठ्या उताराला हात आवळले गेले. माणसं सर्रकन पुढे निघून जात होती. दीनाने तोंड उघडलं आणि सातवी ब ची हजेरी मोठ्याने म्हणायला सुरुवात केली. आढाव, इथापे, औटी, कदम... शेजारून जाणाऱ्या एका सायकलवाल्याने वळून पाहिलं. पाहू दे. काळे आणि खरातांपर्यंत येईतो उतार संपला होता आणि ती सायकलवरच होती.

पळणं सगळ्यात वाईट निघालं. पाय लाकडाचे झाले होते. अर्ध्या वाटेवर गुडघ्यात ठणका सुरू झाला तशी ती चालायला लागली, मग पळाली, मग पुन्हा चालली. बायकांमध्ये आपला नंबर कितवा, हा हिशेब तिने कधीच सोडून दिला होता. मागून पावलांचा आवाज आला. तो आवाज तिने हजार आवाजांत ओळखला असता.

कल्याण शेजारी आला आणि त्याने पाय आखडते घेतले.

"दुखतंय?"

"दुखतंय."

"थांबायचं का?"

"नाही."

तो तिच्या शेजारी तिच्याच गतीने पळायला लागला. दहा पावलं, वीस पावलं. तिला बरं वाटलं, आणि त्याच वेळी लक्षात आलं की मागे काकासाहेब नावाचा एक माणूस सायकल टाकून, पाय पसरून, याच्यावर भरवसा ठेवून बसला असेल.

"काकासाहेब वाट बघत असतील," ती म्हणाली.

"असू दे."

"असू दे काय? जा."

"तुम्ही..."

"मी येते. तू जा."

तो एकदम तिच्याकडे बघायला लागला. मग पुढे निघाला, आणि तिने पहिल्यांदाच त्याला खराखुरा पळताना पाहिला. पाय जमिनीला लागतायत की नाही असा. तो झाडांमागे दिसेनासा झाला तेव्हा दीनाने दात आवळले आणि पुन्हा पळायला लागली.

ती पोचली तेव्हा बरीचशी माणसं पोचून, पोहे खाऊन, घरी निघाली होती. तिने रेघ ओलांडली आणि तिथेच गवतावर बसली. घोट्याला बांधलेला वेळ मोजायचा पट्टा परत मागायला एक मुलगी आली, पण दीनाचा गुडघा काही वाकेना. कल्याण कुठूनसा आला. तो खाली बसला, तिचा घोटा हलक्या हाताने धरून पट्टा सोडवला आणि मुलीला दिला. मुलगी गेली तरी तो उठला नाही.

"मघाशी तुम्ही मला तू म्हणालात," तो म्हणाला.

"पळताना लहान शब्द बरा पडतो."

"आता बसलायत. आता?"

दीनाने गवताची एक काडी तोडली. "आता पण बरा पडतो."

तो हसला, मग गंभीर झाला. "एक सांगायचंय. मी आलो नाही ना, ते दोन रविवार... पहिल्या रविवारी खरंच लस टोचत होतो. दुसऱ्या रविवारी काही नव्हतं. खोलीवर बसून होतो."

"रागावून?"

"नाही. तुमच्यावर रागवायचा आपल्याला हक्क आहे का, ते ठरवत होतो."

"मग ठरलं?"

"ते मी एकट्याने कसं ठरवणार?"

पाण्यावरचं धुकं कधीच उठलं होतं, उन्हाने पाणी चमकत होतं. लांब गाडीपाशी एस्तेरबाई डबा उघडून उभ्या होत्या आणि इकडे बघत नाही असं दाखवत होत्या. दीनाने त्याच्याकडे पाहिलं. मानेवर मीठ वाळलेलं, डोळे मात्र परीक्षेचा निकाल ऐकायला उभ्या राहिलेल्या पोरासारखे.

"हक्क आहे," ती म्हणाली. "पण दोन रविवार फार झाले. एक दुपार पुरे."

कल्याणने तिच्या हातातली काडी काढून घेतली आणि हात मात्र तसाच धरून ठेवला.

"आम्ही ख्रिस्ती आहोत," ती थोड्या वेळाने म्हणाली.

"आम्ही बौद्ध. तुमच्या... तुझ्या घरी चालेल?"

"पप्पांचं काही नाही. आई आधी चर्चच्या मंडळीत कोणाला काय सांगायचं ते ठरवेल. आठवडा लागेल तिला. तुझ्या घरी?"

"विचारून बघू," असं म्हणून त्याने फोन काढला आणि खरंच लावला. पलीकडे बऱ्याच वेळाने उचलला गेला. मागे शेळी ओरडत होती.

"आई, एक मुलगी हाय," कल्याण म्हणाला. आईशी बोलताना त्याची भाषा क्षणात जामखेडला जाऊन पोचली. "दीना नाव हाय. नगरची."

"काय करती?" पलीकडचा आवाज दीनालाही स्वच्छ ऐकू येत होता.

"मास्तरीन हाय. पवती, सायकल चालवती, पळती."

शेळी पुन्हा ओरडली. "मंग ती बसती कवा?" आईने विचारलं.

दीनाने त्याच्या हातातून फोन घेतला.

"जेवायला बसते की, मावशी."

पलीकडे कोणीतरी शेळीला हाकललं. मग आवाज पुन्हा आला, आता अगदी फोनजवळ.

"मंग ये की जेवायला."